परवडणारे मदरबोर्ड आणि कोकणातली हवा: मालिका पाहून तुम्ही विचारलेले प्रश्न

परवडणाऱ्या मदरबोर्डांची (संगणकाचे सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य तक्ता) तुलना करणारी आमची आठ भागांची व्हिडिओ मालिका संपली, तेव्हापासून आलेले प्रश्न मी एका वहीत उतरवत गेलो. काही फोनवर आले, काही रत्नागिरीतल्या दुकानात समोरासमोर. गणपतीत गावी आलेले चाकरमानी तर मुंबईचा जुना संगणक बरोबर घेऊनच प्रश्न विचारायला आले. वही पुन्हा वाचताना एक गोष्ट ठळकपणे दिसली. मी मालिकेत बोर्डाचा वेग मोजत होतो आणि तुम्ही विचारत होतात, "पावसाळ्यात टिकेल का?" आपल्या किनाऱ्यावर तोच प्रश्न आधी यायला हवा होता, म्हणून इथली बरीचशी उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत.

पाचव्या भागात पहिला ठरलेला बोर्ड आठव्या भागात खाली कसा गेला?

वेंगुर्ल्याच्या एका प्रेक्षकामुळे. त्यांनी कळवलं, "तुम्ही बोर्ड उघड्या टेबलावर, पंख्याखाली ठेवून तपासलात. आमचा संगणक माडीवर कौलांखाली, टेबलाच्या बंद कप्प्यात असतो." मुद्दा बिनतोड होता. मग मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, बंद कॅबिनेटमध्ये मी सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या आणि क्रम बदलला.

असं का झालं ते नीट सांगतो, कारण स्वस्त आणि महाग बोर्डांतला खरा फरक इथेच आहे. एसएमपीएसमधून (घरची वीज संगणकाला लागेल तशी बदलून देणाऱ्या डब्यातून) बोर्डाला १२ व्होल्ट मिळतात. प्रोसेसरला लागतात साधारण सव्वा व्होल्टच्या आसपास. हे काम प्रोसेसरच्या सॉकेटभोवतीचा व्हीआरएम करतो: मॉसफेट (प्रवाह चालू-बंद करणारे छोटे स्विच), कॉइल आणि कपॅसिटर यांची ती रांग. इंटेलचा कोअर आय५-१२४०० कागदावर ६५ वॅटचा असला तरी पूर्ण जोर लावल्यावर ११७ वॅटपर्यंत जातो. सव्वा व्होल्टला ११७ वॅट म्हणजे नव्वदहून जास्त अँपिअर. एवढा प्रवाह चार-सहा छोट्या मॉसफेटांतून जातो आणि ते तापतात. वर धातूचा हीटसिंक असेल तर उष्णता पसरते. नसेल तर बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग उतरवतो. उघड्या टेबलावर हे दिसलंच नाही, बंद कप्प्यात दिसलं.

त्या बोर्डाच्या कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. त्याच किमतीतले दुसऱ्या कंपन्यांचे बिनहीटसिंकचे बोर्डही माझ्याकडे तसेच वागले. तुम्ही नावाकडे बघण्याआधी सॉकेटच्या डावीकडे बघा. तिथे धातूचा जाडसर ठोकळा नसेल, तर त्या बोर्डावर इंटेलच्या कोअर आय३च्या वरचा प्रोसेसर बसवू नका. खोक्यावर छापलेल्या फेजच्या (व्हीआरएममधल्या समांतर टप्प्यांच्या) आकड्यावरूनही काही ठरवू नका. प्रत्येक कंपनी फेज आपल्या सोयीने मोजते.

"माका गेम खेळूचे नाय, नुसती बिलां करूची आसत. मगे बोर्ड खयचो घेव?"

हा प्रश्न कुडाळच्या एका दुकानदाराचा. आंब्याच्या बागायतदारांपासून सेवा केंद्र चालवणाऱ्यांपर्यंत कितीतरी जणांनी हेच विचारलं, म्हणून उत्तर सरळ देतो. इंटेलच्या एच६१० चिपसेटचा (बोर्डावर कोणत्या सोयी मिळतात ते ठरवणारी चिप) बोर्ड आणि त्यावर कोअर आय३-१२१००. बिलं, टॅली, ऑनलाइन अर्ज, प्रिंटर, स्कॅनर, मुलांचा अभ्यास, सगळं यात आरामात होतं. प्रोसेसर चार कोअरचा, ६० वॅटचा. साध्या बोर्डावरही तो बोर्डाला दमवत नाही.

दोन गोष्टी मात्र दुकानातच बघून घ्या. एक, प्रोसेसरच्या नावापुढे एफ अक्षर नको. आय३-१२१००एफ थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्स नसतं. बोर्डाला एचडीएमआयचा पोर्ट असला तरी वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येत नाही. "बोर्ड डेड आलाय" म्हणून माझ्याकडे आलेल्या काही संगणकांत एवढंच कारण होतं. दोन, एच६१०चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात. रॅमची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही. घरी जुनी डीडीआर४ रॅम पडली असेल तर बोर्ड त्याच जातीचा मागा.

जास्त पैसे मोजून एच६१०ऐवजी बी७६०, किंवा एएमडीच्या ए५२०ऐवजी बी५५० घ्यावा का?

आधी एक दुरुस्ती. तिसऱ्या भागात मी म्हणालो होतो की एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर बी५५०वर बसवला तर एसएसडी (डेटा साठवणारी वेगवान डिस्क) ए५२०पेक्षा दुप्पट वेगाने चालेल. ते चूक आहे. चिपळूणच्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्याच दिवशी ते दाखवून दिलं. बी५५० चौथ्या पिढीचं पीसीआय एक्सप्रेस (एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड जोडण्याची वाट) देऊ शकतो, पण ते येतं प्रोसेसरमधून, आणि ५६००जी स्वतः तिसऱ्या पिढीपर्यंतच जातो. म्हणजे ५६००जी घेणार असाल तर एसएसडीचा वेग दोन्ही बोर्डांवर सारखाच. साधा ५६०० घेतलात तर चौथी पिढी मिळते, पण त्यात ग्राफिक्स नाही. व्हिडिओत आता त्या जागी दुरुस्ती लिहिली आहे.

इंटेलच्या बाजूला फरक जास्त ठोस आहे. एच६१०वर एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवरून चालणारी) एसएसडी चिपसेटमधून, तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालते. बी७६०वर प्रोसेसरला थेट जोडलेला चौथ्या पिढीचा स्लॉट मिळतो. रोजच्या कामात हा फरक हाताला जाणवत नाही. साटा या जुन्या जोडणीच्या साध्या एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट, तर तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते. खरी उडी तिथे आहे, त्यापुढची लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांसाठी. त्यांनी बी७६० जरूर घ्यावा, पण त्यांना मी एसएसडीपेक्षा व्हीआरएमसाठी तो घ्यायला सांगेन. बी७६०च्या बहुतेक बोर्डांवर हीटसिंक असतो आणि रॅमचे चार स्लॉट मिळण्याची शक्यता असते. एच६१०वर दोनच असतात.

पावसाळा आला की डिस्प्ले जातो. रॅम काढून खोडरबराने घासली की परत येतो. हे करत राहू का?

नको. या एका प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण किनाऱ्यालगतच्या प्रत्येक गावातून तो आला. मालिकेतल्या एका भागात मी स्वतः खोडरबर हातात घेतलेला तुम्ही पाहिलात. आज मी तसं करणार नाही.

आपल्याकडे नेमकं काय घडतं ते पाहू. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. कॅबिनेटचा पंखा ते धुळीबरोबर आत ओढतो. मीठ कोरडं असतं तोवर फारसं बिघडत नाही. पण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी शोषून स्वतः विरघळू लागतं. स्वयंपाकघरातलं मीठ मिरगानंतर कसं ओलं होतं ते आठवा. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता दिवसचे दिवस ८५ ते ९० टक्के असते. बोर्डावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर बसतो. त्यातून वीज झिरपते आणि धातू खाल्ला जातो.

रॅमच्या पट्टीला जे सोनेरी दात असतात त्यांवरचं सोनं खरं असतं, पण त्याचा थर एक मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. त्याखाली निकेल, आणि त्याखाली तांबं. खोडरबराने घासलं की मळ जातो, डिस्प्ले येतो, आणि त्याबरोबर थोडं सोनंही जातं. चार पावसाळे असं घासल्यावर निकेल उघडं पडतं, मग तांबं हिरवं होतं. शिवाय खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो तो वेगळाच.

त्याऐवजी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, ९९ टक्क्यांचं. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळतं. संगणक बंद करून वायर काढा, तंतू न सुटणाऱ्या मऊ कापडाला थोडं लावा, दात एकाच दिशेने पुसा आणि पाच मिनिटं सुकू द्या. स्लॉट मऊ ब्रशने झाडून घ्या. रॅम दोन-तीनदा घालून-काढूनही संपर्क साफ होतो. पुष्कळदा खोडरबराचं श्रेय खरं तर या काढण्या-घालण्याचंच असतं.

खोक्यावर "दमट हवेपासून संरक्षण" असं लिहिलेलं असतं. ते खरं असतं का?

जेवढं लिहिलंय तेवढ्यापुरतं खरं. काही कंपन्या बोर्डाच्या तक्त्यात काचतंतूंची वीण घट्ट ठेवतात, त्यामुळे ओल तक्त्याच्या थरांत शिरत नाही. पण कोकणात तक्त्यापेक्षा उघडे भाग आधी जातात: रॅमचे स्लॉट, यूएसबीचे पोर्ट, ऑडिओची भोकं, बॅटरीची बैठक. त्यांना त्या विणीचा उपयोग नाही. पोर्टांभोवतीची मागची पट्टी स्टेनलेस स्टीलची असेल तर ती मात्र खरोखर कामाची. साधा पत्रा किनाऱ्यावर लवकर गंजतो आणि गंजाची पूड पोर्टांत पडते.

बोर्डावर संरक्षक लाखेचा फवारा मारावा का, असंही दोघांनी विचारलं. होड्यांवरच्या आणि कारखान्यांतल्या यंत्रांना असा लेप देतात आणि तो टिकतोही. पण सॉकेट, स्लॉट आणि पोर्ट आधी नीट झाकावे लागतात. एक थेंब चुकीच्या जागी गेला की बोर्ड गेला, आणि वॉरंटी तर पहिल्या फवाऱ्यालाच संपते. नव्या बोर्डावर हा प्रयोग करू नका.

वापरत नसताना संगणक प्लॅस्टिकने झाकून ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्याही टाकल्या आहेत. बरोबर आहे ना?

प्लॅस्टिक काढा. गरम कॅबिनेटवर प्लॅस्टिक घातलं की आतली ओल आतच राहते. सुती कापड घाला, तेही संगणक थंड झाल्यावर. सिलिका जेल घट्ट झाकणाच्या डब्यात उपयोगी पडतं. कॅबिनेटला सगळीकडून भोकं असतात, तिथे दोन पुड्या गावभरची हवा किती सुकवणार?

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे पावसाळ्यात संगणक रोज निदान तासभर चालू ठेवा. त्याची स्वतःची ऊब ओल घालवते. मे महिन्यात बंद करून थेट गणपतीत चालू केलेले संगणकच माझ्याकडे जास्त येतात. आणि भिंतीला टेकवून ठेवू नका. जांभ्याच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येतेच.

मागच्या बाजूच्या रिकाम्या स्लॉटांच्या पट्ट्या लावून टाका. त्यातून पाली आत जातात, उबेसाठी नेमक्या व्हीआरएमजवळ बसतात आणि स्वतःबरोबर बोर्डही घेऊन जातात.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. बोर्डात दोष आहे का?

बहुधा नाही. दोष तुमच्या अर्थिंगमध्ये आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. विजेतला खरखराट जमिनीत सोडणं हे त्यांचं काम. अर्थिंग नसेल तर त्या दोघांच्या मधोमध पत्र्यावर साधारण ११५ व्होल्ट उभे राहतात. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून हाताला फक्त मुंग्या येतात. पण तुम्ही त्याच अवस्थेत यूएसबी किंवा एचडीएमआय लावता तेव्हा तो प्रवाह बोर्डाच्या पोर्टातून वाट शोधतो. पोर्ट "आपोआप" जळाला म्हणतात तेव्हा मी आधी अर्थिंग बघतो.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. जांभ्या दगडाची जमीन वीज सहज वाहून नेत नाही, आणि उन्हाळ्यात कोरडी पडली की आणखीच नाही. खड्डा मारून, कोळसा आणि मीठ भरून केलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये निकामी होतं आणि पाऊस पडल्यावर पुन्हा चालू लागतं. म्हणून उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. पाचच्या वर गेलं तर नवा बोर्ड घेण्याआधी अर्थिंग करून घ्या. हे काम स्वतः करू नका.

यूपीएस आहे. मग वीज पडल्यावर लॅन पोर्ट कसा गेला?

लॅनची वायर यूपीएसमधून जात नाही. केबलवाल्याची तांब्याची वायर माडावरून माडावर, अर्ध्या वाडीतून फिरून तुमच्या घरात येते. जवळपास वीज कोसळली की एवढ्या लांब तारेत मोठा दाब तयार होतो. लॅन पोर्टाच्या आत छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यांच्या इन्सुलेशनची कसोटी १५०० व्होल्टची. विजेपुढे ते काहीच नाही. घरात फायबर आलं असेल तर काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण फायबरच्या डब्याचा अडॅप्टर आणि तिथून संगणकापर्यंतची लॅन वायर आहेच.

वळवाच्या दिवसांत आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की प्लग आणि लॅन दोन्ही काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. जमत असेल तर वायफाय वापरा, म्हणजे तांब्याचा धागाच राहत नाही.

आणखी एक धोका वादळानंतरचा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगड भागात खांबच्या खांब आडवे झाले होते. वीज परत येते त्या पहिल्या तासात न्यूट्रल तुटलेला किंवा सैल असू शकतो, आणि मग घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनवर ४००च्या जवळपासही दाब येऊ शकतो. साधा एसएमपीएस २६४ व्होल्टपर्यंत सहन करतो, जास्त नाही. बल्ब नेहमीपेक्षा प्रखर पेटतोय का ते पाहा, पंखा थोडा वेळ चालू द्या, मगच संगणक लावा.

मुंबईहून भावाने एच६१चा "नवा" बोर्ड पाठवला आहे. वापरू का?

खोकं नवं असेल, चिपसेट २०११चा आहे. त्यात साटाचा वेग निम्मा, यूएसबी ३ चिपसेटमध्ये नाही, रॅम डीडीआर३. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे ते यावर अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १०चा सपोर्ट (कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बँकेचं किंवा लोकांच्या आधार-पॅनचं काम करणाऱ्याने हा बोर्ड वापरू नये, एवढं मी ठामपणे सांगतो. मुलाला लिनक्स शिकायचं असेल तर मात्र फेकू नका. भावाने प्रेमाने पाठवलाय आणि त्या कामाला तो पुरेसा आहे.

एक १६ जीबीची रॅम घेऊ की दोन ८ जीबीच्या?

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर दोन. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ गिगाबाइट वाहून नेते, दोन मिळून ५१.२. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं, त्यामुळे ५६००जीसारख्या प्रोसेसरवर फरक डोळ्यांना दिसतो.

पुराच्या पाण्यात गेलेला बोर्ड वाचतो का?

कधीकधी. २२ जुलै २०२१च्या चिपळूणच्या पुरानंतर आम्ही बरेच बोर्ड उघडले. जे पाणी चढण्याआधी बंद करून प्लग काढलेले होते, त्यांतले काही वाचले. "चालतंय का बघू" म्हणून ओले असताना लावलेले वाचले नाहीत.

पहिलं काम, बोर्डावरची गोल बॅटरी काढा. सीआर२०३२, ३ व्होल्टची. घरातली वीज गेली तरी ती बोर्डाला थोडा प्रवाह देत राहते, आणि ओल्या बोर्डावर त्या तीन व्होल्टांनीही तांबं खाल्लं जातं. मग चिखल सुकायच्या आत स्वच्छ पाण्याने धुवा. हो, पाण्याने. सुकलेला गाळ चिपांच्या पायांखालून निघत नाही. त्यानंतर डिस्टिल्ड पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पंख्याच्या वाऱ्यात चार-पाच दिवस. कडक उन्हात किंवा चुलीवर नको. एसएमपीएस मात्र पुन्हा वापरू नका. तिथे २३० व्होल्ट खेळतात, आणि बोर्डाच्या किमतीसाठी जिवाचा धोका पत्करायचा नाही.

वॉरंटी तीन वर्षांची आहे, पण सेवा केंद्र कोल्हापूरला. काय करावं?

घेतानाच विचार करा. मालिकेच्या आधीच्या भागांत मी वॉरंटीला वेगळे गुण दिले नव्हते. देवगडच्या एका ताईंनी लिहिलं की त्यांचा बोर्ड पावसात पाठवायचा होता आणि घाट बंद होता, तोवर दहावीच्या मुलाचा अभ्यास थांबला. ते वाचून मी आठव्या भागात वॉरंटीचे गुण धरले. दुकानदाराला विचारा: बिघडला तर तुम्ही पाठवणार की मी? पाठवायचा खर्च कोणाचा? दुकानदार स्वतः पाठवणार असेल तर थोडे जास्त पैसे देऊन त्याच्याकडूनच घ्या.

जीएसटीचं पक्कं बिल, अनुक्रमांक आणि अँटिस्टॅटिक पिशवी जपून ठेवा. सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं झाकण तर हरवूच नका. इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम५ बोर्डांत पिना बोर्डावर असतात, वाटेत एक वाकली की वॉरंटी नाकारली जाते. पाठवण्याआधी सॉकेटचा जवळून फोटो काढा. गंजलेला बोर्ड सहसा वॉरंटीत बसत नाही, म्हणून वर पुसण्या-सुकवण्यावर इतकं लिहिलं.

किमती का सांगत नाही?

व्हिडिओ पाहीपर्यंत त्या बदललेल्या असतात. चुकीच्या आकड्यावर विसंबून कुणी गावाहून तीस किलोमीटर एसटीने यावं, हे मला पटत नाही. फोन करा, त्या दिवसाचा भाव सांगतो.

नववा भाग येणार का?

येणार, आणि तोही तुमच्यामुळेच. चार बोर्ड मिरगापासून माझ्या घराच्या पडवीत, समुद्राच्या वाऱ्यात ठेवले आहेत. दोन रोज तासभर चालू होतात, दोन बंद आहेत. प्रत्येक जोडीतल्या एकाची मागची पट्टी स्टेनलेस स्टीलची, एकाची साध्या पत्र्याची. दिवाळीच्या सुट्टीत चारही कॅमेऱ्यासमोर उघडणार आहे.